दोराचे शेवटचे पंधरा मीटर

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी, स्कॉटलंडमधल्या बेन नेव्हिसच्या उत्तर अंगावर, ग्रीन गली नावाच्या बर्फाच्या नाळेत, म्हणजे कड्यातल्या अरुंद घळीत, मी आणि माझा मित्र चढत होतो. तिसऱ्या पिचवर, म्हणजे एका दोराच्या लांबीत चढायच्या तिसऱ्या टप्प्यावर, तो माझ्या नजरेआड गेला आणि त्यानंतर बराच वेळ आमच्यात एक शब्दही पोहोचला नाही. दोर हळूहळू वर सरकला, थांबला, पुन्हा थोडा सरकला आणि शेवटी माझ्या कमरेच्या हार्नेसला ताण देऊन उभा राहिला. वर तो स्वतःला बांधून घेऊन माझी वाट पाहतोय, की दोर संपल्यामुळे मध्येच बर्फावर अडकून पडलाय? खालून दोन्ही गोष्टी हुबेहूब सारख्या दिसतात. पहिली खरी असेल तर मी निघायला हवं. दुसरी खरी असताना मी निघालो, तर एकाच दोरावर दोघं चढत असू आणि दोघांपैकी एकालाही आधार नसेल.

त्या दिवशी कुणाला खरचटलंही नाही. तरी हा प्रसंग सविस्तर लिहावासा वाटतो, कारण दोघांच्या बर्फचढाईत हा पेच वारंवार पडतो आणि त्याचं उत्तर ऐनवेळी सुचत नाही. ते आधी ठरवून ठेवावं लागतं, आणि त्यासाठी दोराचा एक भाग राखून ठेवावा लागतो.

जागा कशी आहे

बेन नेव्हिस १,३४५ मीटर उंच. ब्रिटनचं सर्वोच्च शिखर असलं तरी आपल्या कळसूबाईहून तीनशे मीटरने कमीच. पण पायथ्याचं फोर्ट विल्यम समुद्रसपाटीला आहे, अटलांटिकवरून येणारी वादळं या डोंगरावर आदळतात, आणि उत्तरेकडचे कडे हिवाळाभर उन्हाला पारखे असतात. पर्यटकांची मळलेली वाट दुसऱ्या अंगाने जाते. उत्तरेकडे टोरलंडीच्या गाडीतळापासून ओढ्याच्या काठाने दोन तास चालल्यावर ६८० मीटरवर एक दगडी झोपडी लागते. पहिल्या महायुद्धात १९१८ मध्ये मेसोपोटेमियात मृत्यू पावलेल्या कॅप्टन चार्ल्स इंगलिस क्लार्क यांच्या स्मरणार्थ त्यांच्या आईवडिलांनी ती १९२९ मध्ये उभी केली. चढाई करणारे सगळे तिला ‘सीआयसी हट’ म्हणतात. तिथून वर पाहिलं की कड्यांची, सोंडांची आणि नाळांची ती प्रचंड भिंत एका दमात डोळ्यांत मावत नाही. खडक अँडेसाइट, म्हणजे ज्वालामुखीचाच. सह्याद्रीच्या बेसाल्टवर हात घासलेल्या माणसाला तो परका वाटत नाही. मात्र फेब्रुवारीत खडक दिसला तर नशीब.

इथला बर्फ धबधबा गोठून झालेल्या काचेसारख्या बर्फापेक्षा वेगळा. इथे हिम पडतं, एखादा दिवस हवा उबदार होते, हिम ओलं होतं, रात्री पुन्हा गोठतं. हे चक्र हिवाळाभर चालतं आणि त्यातून जो घट्ट, पांढरा थर तयार होतो त्याला नेव्हे म्हणतात. चांगल्या नेव्हेत बर्फाच्या कुऱ्हाडीचं, म्हणजे आइस अ‍ॅक्सचं पातं एका घावात रुततं आणि हलत नाही. चढायला याहून सुखाची जमीन नाही. पण ज्या गुणामुळे तो चढायला सोपा, त्याच गुणामुळे आधार लावायला वाईट. त्यात हवा कोंडलेली असते, त्यामुळे आइस स्क्रू फिरत फिरत आत जातो खरा, पण पकड भरवशाची नसते. मग स्टान्ससाठी, म्हणजे थांबून स्वतःला बांधून घ्यायच्या जागेसाठी, नाळेच्या कडेच्या खडकात भेग शोधायची, आणि खडकावरही बर्फाचं कवच असेल तर आधी ते खरवडायचं.

ग्रीन गलीची श्रेणी म्हणूनच चार-तीन अशी लिहितात. स्कॉटिश पद्धतीत पहिला, रोमन आकडा एकूण गांभीर्याचा आणि दुसरा सर्वांत कठीण हालचालीचा. चाराच्या मार्गावर तीनची हालचाल म्हणजे काय, हे नवख्या माणसाने नीट समजून घ्यावं. हातपाय फार अवघड काही करणार नाहीत, पण पडलात तर अडवणारं फारसं काही नसेल.

ही नाळ पहिल्यांदा चढली ती १९०६ मध्ये, हॅरॉल्ड रेबर्न आणि एबरहार्ड फिल्डियस या दोघांनी. लांब दांड्याच्या कुऱ्हाडीने बर्फात एकेक पायरी खोदत आणि तागाचा दोर कमरेला बांधून. हेच रेबर्न पुढे १९२१ च्या एव्हरेस्ट पाहणी मोहिमेत चढाईचे प्रमुख होते. बुटांखाली बांधायच्या क्रॅम्पॉनच्या पुढच्या दातांवर उभं राहून दोन्ही हातांत वाकड्या पात्याच्या अ‍ॅक्स घेऊन चढण्याची रीत इथे रुजली ती १९७० च्या आसपास. हत्यारं इतकी बदलली, पण वरच्याचा आवाज खालच्यापर्यंत पोहोचवण्याचा प्रश्न रेबर्न यांच्यापुढे होता तसाच आमच्यापुढे होता. त्यांचे दोर आखूड होते, ही त्यातल्या त्यात त्यांची सोय.

दोघं आणि ठराव

आम्ही दोघं कॉलेजपासूनचे. तैलबैल्याची भिंत, जीवधनची वानरलिंगी, ड्यूक्स नोज, सगळीकडे एकाच दोराला बांधलेले. नोकरीने दोघांनाही ग्लासगोला आणलं आणि हिवाळी चढाई आम्ही इथे येऊन शिकलो. लीडवर, म्हणजे पुढे चढण्यात, तो माझ्याहून सरस आहे, डोकं थंड, हात हलका. मी बिलेवर, म्हणजे चढणाऱ्याचा दोर सांभाळण्यात, चांगला आहे, असं तो म्हणतो, आणि ही गोष्ट मी मनापासून मानाची समजतो. खाली उभं राहणं हे दुय्यम काम आहे असं ज्याला वाटतं, त्याच्याबरोबर मी बर्फावर जाणार नाही.

सह्याद्रीतल्या सवयी इथे कुठे तोकड्या पडतात, हे लवकर लक्षात आलं होतं. सुळक्यावर सहसा लीड करणारा दिसतो किंवा निदान ऐकू येतो. खाली चार-सहा जण असतात, मोठ्या चढाईत वॉकीटॉकीही असतो. इथे माणसं दोनच. डोक्यावर हेल्मेट, त्यावर जॅकेटची टोपी, कानांवर वारा. त्यात ग्रीन गलीच्या शेजारी, एका सोंडेपलीकडे कोम गली आहे आणि चांगल्या हवामानाच्या शनिवारी तिथेही जोड्या असतात. त्यांच्यातला कुणी ‘सेफ!’ म्हणून ओरडला आणि ते शब्द वाऱ्याने आपल्या कानावर आणून टाकले, तर आपलाच माणूस ओरडला असं समजून आपण बिले सोडून देऊ शकतो. ही भीती कल्पनेतली नाही. म्हणून आम्ही ओरडतो ते मराठीतच. त्या कड्यावर ‘दोर सोड’ हे दुसऱ्या कुणाचं असण्याची शक्यता जवळजवळ नाही.

शिट्टीचा उपाय अनेकांना सुचतो. पण ब्रिटनच्या डोंगरांत मिनिटाला सहा शिट्ट्या म्हणजे संकटाची हाक, आणि तिला उत्तर तीन शिट्ट्यांचं. अर्धवट ऐकू आलेल्या शिट्ट्यांवरून कुणी बचाव पथकाला कळवलं तर तो त्यांच्यावर अन्याय. आम्ही शिट्टी खऱ्या संकटासाठीच ठेवतो.

म्हणजे उरतो दोर. आदल्या रात्री फोर्ट विल्यमच्या खोलीत, पिठलं-भात खाऊन झाल्यावर, आम्ही दोराबद्दलचे ठराव पुन्हा एकदा मोठ्याने म्हणून घेतले. मोठ्याने म्हणण्याचा आग्रह त्याचा. ‘तुला ठाऊक आहे हे मला ठाऊक आहे, तरी म्हण,’ असं तो दर वेळी सांगतो.

आमच्याकडे साठ मीटरचे दोन हाफ रोप, म्हणजे जोडीने वापरायचे दोर, आहेत, एक निळा, एक लाल. दोन्हीच्या दोन्ही टोकांपासून पंधरा मीटरवर दोरासाठी मिळणाऱ्या खास शाईने काळी खूण केलेली आहे. साधा मार्कर वापरू नये, त्यातल्या द्रावकाने धाग्यांना इजा होऊ शकते. ठराव असा की कुठलीही पिच पंचेचाळीस मीटरच्या आत संपवायची. खूण माझ्या हातातून जाण्यापूर्वी वरच्याने थांबायचं, स्वतःला बांधायचं आणि मग उरलेला पंधरा मीटर दोर हात-हात भराभर ओढून घ्यायचा. त्यामागचं कारण साधं आहे. बर्फावर चढणारा माणूस दोर कधीच भराभर नेऊ शकत नाही. एक अ‍ॅक्स, दुसरी अ‍ॅक्स, एक पाय, दुसरा पाय, की अर्धा मीटर. त्यामुळे पंधरा मीटर दोर एका झपाट्यात गेला, तर त्याचा अर्थ एकच: वरचा थांबलाय आणि हातांनी ओढतोय. झटका हरवू शकतो, आवाज हरवू शकतो, पण हातातून सळसळत गेलेले पंधरा मीटर कुणी नाकारू शकत नाही.

त्यानंतर निळा दोर एकटा, तीन वेळा. चढताना दोन्ही दोर सारखेच वर जातात, म्हणून एकच दोर हलला तर तो माणसाने मुद्दाम हलवलाय हे कळतं. तीन निळे झटके म्हणजे ‘तुला मी बिलेवर धरलंय, ये.’ ते मिळेपर्यंत खालच्याने अँकर, म्हणजे ज्याला तो स्वतः बांधलेला आहे तो आधार, सोडायचा नाही.

शनिवार

स्कॉटिश हिमस्खलन सेवेचा लोखाबर भागासाठीचा अंदाज आदल्या संध्याकाळीच पाहिला होता. आमच्या नाळेच्या दिशेला धोका मध्यम, वरच्या पठारावरून हिम उडून कड्याच्या तोंडाशी थोडं साचण्याची शक्यता, पाणी गोठण्याची पातळी शिखराच्या बरीच खाली. वारा पश्चिमेचा, ताशी चाळीस मैलांपर्यंत. चढायला योग्य, बोलायला अयोग्य.

साडेपाचला डोक्यावरच्या दिव्यांच्या उजेडात निघालो, झोपडीशी थर्मासमधला चहा घेतला आणि उजाडता उजाडता कोरी ना किश्तेच्या वाडग्यासारख्या दरीत शिरलो. पहिली पिच मी लीड केली. दुसरी त्याने. दोन्ही वेळा खूण हाती येण्याआधीच पंधरा-वीस मीटर दोर सळसळत गेला, तीन निळे झटके आले आणि सगळं पुस्तकात असावं तसं झालं. तिसरीसुद्धा त्यानेच करावी असं ठरलं, कारण मधल्या पट्ट्यावर बर्फ उभा होता आणि तो रंगात होता.

माझा स्टान्स उत्तम होता. डाव्या भिंतीत दोन नट, म्हणजे भेगेत अडकवायचे धातूचे तुकडे, घट्ट बसलेले, वर बर्फात रुतवलेली एक अ‍ॅक्स, तिन्ही एकत्र बांधून त्यांना मी स्लिंगने, म्हणजे पट्टीच्या फासाने, अडकलेलो. बसायला बर्फात खोदलेली खोबण. त्याने बारा मीटरवर एक स्क्रू लावला, तो त्याच्याही मनाला पटला नाही हे त्याच्या मानेवरून कळलं. पंचविसेक मीटरवर, उभ्या पट्ट्याच्या खाली, बर्फ निळसर दिसत होता. तिथला दुसरा स्क्रू शेवटपर्यंत जोर लावून फिरवावा लागला. तो चांगला होता. मग तो उंबऱ्यासारख्या कडेवरून पलीकडे गेला आणि फक्त दोर उरला.

पुढच्या वेळेबद्दल मी थोडं रेंगाळतो, कारण या प्रकरणाचा गाभा तिथे आहे.

वरून हिमाची भुकटी सारखी ओघळत होती. दर काही मिनिटांनी तिचा लोंढा यायचा, बाहीतून, कॉलरमधून आत शिरायचा, आणि तेवढा वेळ मान खाली घालून थांबावं लागायचं. दोर सरकत होता. खूण आली. मी ती हातमोज्याच्या चिमटीत पाहिली, ती बिले प्लेटमधून, म्हणजे दोर अडवणाऱ्या साधनातून, गेली आणि दोर तसाच, त्याच संथ चालीने, अर्धा अर्धा मीटर वर जात राहिला. म्हणजे पंचेचाळीस मीटरवर त्याला थांबायला जागा मिळालेली नाही. तो काही विसरणारा माणूस नाही. विसरला नसेल तर नाइलाज असेल. पण नाइलाज कसलाही असो, बोलण्यासाठी राखलेला दोर आता चढण्यात खर्च होत होता.

दोर थांबला तेव्हा माझ्याकडे दोन-अडीच मीटर शिल्लक होता. तो बराच वेळ थांबून राहिला. या काळात माझ्याकडे माहितीचा एकच झरा होता: वरून पडणारा कचरा. चढत असताना अ‍ॅक्सच्या घावाने ताटलीएवढे चकचकीत तुकडे सुटून येतात, तसे आधी येत होते. दोर थांबल्यावर ते बंद झाले. त्याऐवजी पांढरी, भुसभुशीत, पिसासारख्या कंगोऱ्यांची ढेकळं येऊ लागली. हा खडकावर वाऱ्याने चिकटवलेला तुषारबर्फ. त्यानंतर माझ्या मांडीवर काळपट हिरव्या, गोठलेल्या शेवाळाचा एक गोळा येऊन पडला. शेवाळ म्हणजे खडकाची भेग. म्हणजे तो खडक साफ करतोय आणि भेग खरवडतोय.

इथे मन लगेच धावतं. भेग साफ करतोय म्हणजे स्टान्स बांधतोय, म्हणजे निघायची तयारी करा. पण पुढच्या अवघड टप्प्याआधी एक आधार लावण्यासाठीही माणूस भेग साफ करतोच. पुरावा खरा होता, पण त्याचे दोन अर्थ निघत होते.

मग दोर पुन्हा हलला. दोन मीटर गेला आणि ताणून उभा राहिला. झपाट्यात गेला का? सांगता येईना, दोन मीटरमध्ये झपाटा ओळखू येत नाही. तीन झटके आले का? काहीतरी थरथरलं, पण त्याच क्षणी भुकटीचा लोंढा दोरांवर कोसळत होता. मी ओरडलो. ‘आलास का रेऽऽ?’ उत्तर नाही.

आणि थंडी. हातमोजे ओले झाले होते, बोटं आधी दुखून मग बधिर झाली होती. या अवस्थेत शरीर निःपक्ष राहत नाही. त्याला हालायचं असतं, म्हणून ते प्रत्येक संदिग्ध खुणेचा अर्थ ‘ये’ असाच लावतं. ही गोष्ट आम्ही दोघांनी पूर्वी एकमेकांशी बोललेली होती. गारठलेल्या माणसाने स्वतःच्या आशावादावर विश्वास ठेवायचा नाही, हे ठरलेलं होतं. त्याचा त्या वेळी फार उपयोग झाला.

तीन वाटा

पहिली वाट: काहीही न करता थांबायचं. तो स्टान्सवर असेल तर यात वेळ आणि ऊब जाते, बाकी काही नाही. पण तो मध्ये अडकला असेल, तर त्याच्या पोटऱ्या जळत असताना मी त्याला वर किंवा खाली काहीच देत नाही.

दुसरी: दोर ताठ झाला म्हणजे तो पोहोचला असं धरून अँकर सोडायचा आणि चढायला लागायचं. अनेक जोड्या हेच करतात आणि बहुतेकदा ते बरोबर ठरतं. चुकीचं ठरलं तर दोघं एकत्र चढत असतात आणि सगळी भिस्त मधल्या स्क्रूंवर. आमच्याकडे असे दोन होते, त्यातला भरवशाचा एक.

तिसरी वाट मी घेतली. तिला मी ‘विचारून पाहणं’ म्हणतो. माझ्या हार्नेसपासून अँकरपर्यंत स्लिंग होतं. मी खोबणीत बसलेलो असल्यामुळे ते सैल होतं. मी एकही नट न काढता, बिले प्लेट तशीच ठेवून, उठलो आणि हातातली अ‍ॅक्स वर मारून स्लिंग ताठ होईपर्यंत चढलो. दीड मीटर, फार तर. म्हणजे मी अजून अँकरलाच बांधलेला आहे, पण वर मात्र दीड मीटर दोर मोकळा मिळालाय.

आता तो दोर कसा जातो ते पाहायचं. वरचा चढत असेल तर दीड मीटर अर्ध्या अर्ध्या मीटरने, मध्ये थांबत थांबत जाईल, आणि दोन्ही दोर सारखे जातील. वरचा बसलेला असेल आणि माझी वाट पाहत असेल, तर दोर मोकळा होताच हाताने ओढून घेईल.

मी पुरता उभा राहिलो नव्हतो तोच दीड मीटर दोर निघून गेला. एकाच हिसक्यात. निळा आधी, लाल क्षणभर मागून, म्हणजे दोन्ही दोर दोन वेगवेगळ्या मुठींनी ओढलेले. आणि मग, इतका वेळ न आलेले, स्पष्ट, एकटे, निळे: एक, दोन, तीन.

मी नट काढले, अ‍ॅक्स काढली आणि निघालो. पहिल्या चार पावलांतच बोटांत रक्त परत येतानाची ती कळ उठली, जिच्यामुळे चांगले धट्टेकट्टे लोक रडतात. पण मी दोराकडे पाहत होतो. तो पावलागणिक बरोबर तेवढाच वर जात होता.

वरून तेच दृश्य

उंबऱ्याच्या पलीकडे गेल्यावर त्याची अडचण डोळ्यांनी दिसली. पंचेचाळीस मीटरच्या आसपास नाळेच्या दोन्ही भिंती तुषारबर्फाने इतक्या लिंपलेल्या होत्या की खडक कुठे सुरू होतो तेच कळेना. तिथे त्याने स्क्रू लावून पाहिला होता. अर्धा आत गेल्यावर हाताला काही लागेचना, आत पोकळ. त्यावर दोघांचं वजन टांगणं त्याला मान्य नव्हतं, आणि मलाही नसतं. दहा-बारा मीटर वर उजवीकडे खडकाचा एक कोपरा दिसत होता, तो तिथवर गेला. तिथे खरवडून एक भेग काढली, तीत पिटॉन नावाचा खिळा ठोकला, एक नट बसवला, आणि एक अ‍ॅक्स आडवी पुरली. शेवाळाचा गोळा त्या भेगेतलाच.

मग त्याने दोर ओढला. दोन मीटर आला आणि अडला. त्याने निळ्याला तीन झटके दिले, एकदा नाही, अनेकदा. ते मला मिळाले नाहीत, कारण उंबऱ्याच्या कडेवर दोरांनी बर्फात खोल चर पाडले होते आणि ते त्यात दाबून बसले होते. शिवाय दोर लवचीक. युरोपीय मानकानुसार हाफ रोपला ८० किलो वजन टांगलं तर तो १२ टक्क्यांपर्यंत ताणला गेला तरी चालतो. साठ मीटरच्या लांबीत मनगटाचा झटका कडेवरच्या घर्षणाने आणि या ताणाने गिळला जातो. वरच्याला वाटतं आपण सांगितलं, खालच्याला काहीच पोहोचलेलं नसतं. मी उठून उभा राहिलो तेव्हा दोर सैल पडले, चरातून सुटले, आणि म्हणून पुढचे झटके पोहोचले. हा फायदा मी आधी गृहीत धरला नव्हता, तो पदरात पडला.

त्याच्या बाजूचं मला सर्वांत महत्त्वाचं वाटलं ते हे. मी विचारलं, ‘मी येत नाही म्हटल्यावर काय वाटलं तुला?’

तो म्हणाला, ‘अरे, वाटायचंय काय? पंधरा मीटर ओढले नाहीत तर तू सुटणार नाहीस, हे मला माहीत होतं. मी फक्त तुला बिलेवर धरून बसलो. तू काहीतरी करशील म्हणून दोर हातात घट्ट ठेवला होता.’

म्हणजे ठरावाचं पहिलं कलम पाळता आलं नाही तेव्हाही ठराव निरुपयोगी झाला नाही. मी काय करणार नाही, हे त्याला ठाऊक होतं. मी हलेन त्या क्षणी दोर त्याच्या हातात असेल, याची मला खात्री होती.

उरलेल्या चढाईबद्दल फार सांगण्यासारखं नाही. पुढची पिच सोपी होती. माथ्याचा हिमाचा छज्जा डावीकडे थोडा मोडलेला होता, तिथून पठारावर बाहेर पडलो. वर ढग आणि पांढरं अंधत्व, म्हणून होकायंत्र हातात धरून कड्यापासून अंतर राखत चार नंबरच्या नाळेच्या तोंडाशी असलेल्या लोखंडी खांबापर्यंत गेलो आणि त्या नाळेने उतरलो.

वाद

उतरताना आणि नंतर गाडीत ‘ग्लेन को’ या दरीपर्यंत आमचा यावर वाद झाला. तो अजून मिटलेला नाही आणि मला त्यात दोन्ही बाजूंचं बळ दिसतं.

त्याचं म्हणणं, छोटे बिनतारी संच घ्या. ब्रिटनमध्ये अर्ध्या वॅटचे, परवाना न लागणारे संच सहज मिळतात, कड्यावर शंभर मीटरला ते पुरेसे आहेत, आणि ‘ये’ या एका शब्दाने हा सगळा पेच संपला असता. हे खरं आहे. माझं म्हणणं इतकंच की संच दोराच्या ठरावावर वाढीव असावा, त्याच्या जागी नको. थंडीत बॅटरी मरते, बटण ओल्या मोज्याने दाबलं जात नाही, संच छातीवरून निसटून नाळेत जातो. आणि ज्यांनी कधी दोराने बोलण्याची सवय केलेली नाही, त्यांना त्या दिवशी ती अचानक येणार नाही.

‘विचारून पाहण्या’वर त्याचा आक्षेप जास्त गंभीर आहे. मी उठलो त्या क्षणी तो खरोखरच चढत असता आणि पडला असता, तर स्लिंग ताठ, मी भिंतीला चिकटून उभा, हात अ‍ॅक्सवर. त्याच्या पडण्याचा हिसका मला वर खेचून घेऊन गेला असता आणि प्लेटवरचा माझा हात सुटला असता. यावर माझ्याकडे अर्धंच उत्तर आहे. हाताने धरायला दोर उरलाच नव्हता, प्लेटच्या खाली गाठीपर्यंत वीतभर दोर होता, म्हणजे अडवणारी होती ती गाठ आणि अँकर. अँकर वरच्या दिशेचा हिसका सोसेल असा बांधलेला होता, पुरलेली अ‍ॅक्स नाही, पण दोन्ही नट सोसतील असे. तरीही त्याचा मुद्दा उरतो: दोर पूर्ण संपलेला असतानाच ही युक्ती करावी. चार-पाच मीटर शिल्लक असतील तर बसून राहावं आणि प्लेटमधूनच दोर द्यावा.

आणि दोर हिसक्यात न जाता अर्ध्या अर्ध्या मीटरने गेला असता तर? तर तो अडकलाय हे मला निश्चित कळलं असतं, आणि पंचविसाव्या मीटरवरच्या त्या चांगल्या स्क्रूच्या भरवशावर मी अँकर सोडून, अगदी सावकाश, त्याच्या चालीने चढलो असतो. तो म्हणतो, नको, त्या परिस्थितीत मी दोन मीटर खाली उतरून थांबलो असतो, तू जागचा हलू नकोस. उभ्या बर्फावरून उतरणं चढण्याहून अवघड, असं माझं मत. त्याच्या मते एका स्क्रूवर दोन जीव लावणं त्याहून वाईट. हा निर्णय दोघांनी वेगवेगळा घेतला असता तर काय झालं असतं, हे लक्षात आल्यावर आम्ही गाडीतच एक गोष्ट पक्की केली: खालचा हलणार नाही, वरचा उतरेल. माझं मत वेगळं असूनही मी हे मान्य केलं, कारण वर अडकलेला असतो तो तो, आणि अशा वेळी दोघांनी एकच गृहीत धरलेलं असणं महत्त्वाचं.

यादीत एक नवं कलमही आलं. खूण गेल्यावरही पुढे जावं लागणार असेल, तर वरच्याने तिथेच, दोर अजून बराच शिल्लक असताना, लाल दोर एकटा दोनदा ओढायचा. दोन लाल म्हणजे ‘जागा नाही, पुढे जातोय.’ त्या ठिकाणी दोर मोकळा असतो, चरात अजून खोल रुतलेला नसतो, त्यामुळे झटका पोहोचण्याची शक्यता शेवटच्या मीटरपेक्षा कितीतरी जास्त. त्यावर त्याची मागणी अशी की मग खूण पंधरा मीटरवर नको, वीसवर करू, म्हणजे पुढे जावं लागलं तरी ओढायला काही उरेल. मी म्हणतो, चाळीस मीटरची पिच धरली तर या नाळेत एक स्टान्स वाढतो, आणि फेब्रुवारीत पाच वाजता अंधार पडतो. शाई दोघांकडे आहे, दोर माझ्या घरी आहे, आणि काळी खूण अजून पंधरावरच आहे.